रेइनोचं कुलूप

ऑटर कोव्ह, मिशिगन
१७ सप्टेंबर २०२४

मॅकआयझॅक साहेब,

जुन्या वर्कस्टेशनवाल्यांच्या मेल-यादीत तुमचं नाव सापडलं. तिथे कोणीतरी लिहिलंय की ज्या यंत्रांना त्यांच्या कंपन्यांनीही वाऱ्यावर सोडलं, त्यांना केप ब्रेटनचा हेक्टर मॅकआयझॅक घास भरवून जगवतो. म्हणून हा आगंतुक मेल.

माझं वय चौऱ्याहत्तर. आमच्या सरोवराच्या, हिवाळ्यात गोठणाऱ्या खाडीच्या धक्क्यावर एका खोपटात १९९३ सालचं एक निळं वर्कस्टेशन आहे. खाडीच्या तळाशी बसवलेलं यंत्र वर आवाज सोडतं, बर्फाला आपटून आलेला प्रतिध्वनी या वर्कस्टेशनला कळवतो, आणि माझा प्रोग्रॅम त्यावरून बर्फाची जाडी काढतो. तो आकडा मी रोज सकाळी पावणेसातला गावच्या रेडिओला सांगते. तो ऐकून लोक ठरवतात, आज मासेमारीला बर्फावर जायचं की घरी बसायचं. प्रोग्रॅम मी आणि माझा थोरला भाऊ रेइनो, दोघांनी लिहिला. रेइनो १९९८ च्या फेब्रुवारीत गेला.

आता गावच्या समितीचं म्हणणं असं की सगळा कारभार एका म्हातारीच्या डोक्यात आहे, हे बरं नाही. खोटं नाही बोलत ते. कॉलेजातली कार्ला मॅट्सन काम पुढे चालवायला तयार आहे, पण तिला सगळा प्रोग्रॅम त्याच्या इतिहासासकट ‘गिट’मध्ये हवाय, म्हणजे कोणी कधी काय बदललं ते जपणाऱ्या आजकालच्या प्रोग्रॅममध्ये. तिने तिकडे केलेला बदल इकडे यावा, इकडचा तिकडे जावा. १५ डिसेंबरपर्यंत हे जमलं नाही, तर समिती खोपटाला टाळं लावणार आणि किनाऱ्यावर पाटी ठोकणार: आपापल्या जबाबदारीवर जा.

लोक म्हणतात, फाइली उचल आणि नव्या कंप्युटरवर टाक. पण पाण्यातल्या यंत्राचं कार्ड फक्त या निळ्यालाच बसतं, आणि प्रोग्रॅमही इथेच बांधला जातो. तेव्हा गिटच इथे चालायला हवं. जमेल का हा उद्योग तुम्हाला? मोबदल्यात थिंबलबेरीचा मुरांबा देईन. त्यासाठी आमच्याकडे लोक भांडतात.

लेम्पी सारेला


मार्गारी, केप ब्रेटन
१९ सप्टेंबर २०२४

सारेलाबाई,

मुरांबा नसता तरी आलो असतो. तुमचं निळं मॉडेल माझ्या शेडमध्ये तीन नग आहे. दोन चालतात. तिसऱ्यावर पाय ठेवून मी चहा पितो.

काम सोपं नाही, ते आधीच सांगतो. आजचं गिट तुमच्या यंत्राच्या डोक्यावरून जाईल, म्हणून मी दहा-बारा वर्षांपूर्वीची आवृत्ती घेतोय. तीसुद्धा अशा शेकडो गोष्टी गृहीत धरते, ज्या १९९३ साली कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. जे नाही ते मी लिहून पुरवायचं, जे समजत नाही ते जुन्या भाषेत समजवायचं. पाहुण्याला घर लहान पडलं तर पाहुण्याला वाकून आत यायला शिकवायचं, घर पाडायचं नाही. एवढंच माझं तत्त्व.

एक विचारतो. सध्या इतिहास कशात ठेवलाय?

हेक्टर मॅकआयझॅक


ऑटर कोव्ह
१० ऑक्टोबर २०२४

मॅकआयझॅक साहेब,

तीन आठवडे झाले. पाहुणा वाकतोय की कंबरेत धरला?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, चूक माझी. आमच्याकडे जुनी कुलपांची पद्धत आहे. फाइल बदलायची तर आधी तिला आपल्या नावाचं कुलूप लावायचं. मग दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. काम झालं की काय बदललं त्याची नोंद करायची आणि कुलूप काढायचं. दोन हट्टी माणसं एका खोपटात बसून काम करत असली की यापेक्षा चांगली पद्धत नाही.

काही जुन्या फाइली जशा आहेत तशाच राहू द्याव्यात, एवढी विनंती.

लेम्पी सारेला


मार्गारी
१४ ऑक्टोबर २०२४

सारेलाबाई,

वाकला! ऐका.

माझ्या शेडमधल्या निळ्याने पहिल्या दिवशी दोनशे बारा चुका दाखवल्या. न्याहारीला बांधणी सुरू करायची आणि जेवणाच्या वेळी कुठे अडली ते बघायचं, असे अठरा दिवस गेले. सगळ्या चुका संपल्या तेव्हा मी शहाण्यासारखा हसलो, आणि तिथेच फसलो.

तुम्हाला ठाऊक असेल, गिट प्रत्येक फाइलीचा चाळीस अक्षरी ठसा काढतं. फाइल तीच तर ठसा तोच, यंत्र कुठलंही असो. रिकाम्या फाइलीचा ठसा आमच्या जमातीला तोंडपाठ असतो. निळ्याने तो भलताच काढला. ठसा जुळत नाही म्हणजे कार्लाचं गिट आणि तुमचं गिट एकमेकांना ओळखच देणार नाहीत. पाच दिवस मी यंत्राला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी कळलं की निळं आकड्यातलं मोठं टोक आधी लिहितं आणि आजची यंत्रं धाकटं टोक आधी लिहितात. ते त्याचं बरोबरच आहे. मीच एका जागी त्याला विचारायला विसरलो होतो. एक ओळ बदलली आणि ठसा जुळला.

मी शेडमधून ओरडत आलो, “फ्लोरा, ठसा जुळला!” बायको म्हणाली, “कोणाचा? चोर सापडला का?” पण तिने ओटकेक आणि चहा दिला, म्हणजे तिलाही आनंद झाला असावा.

आता तुमच्या यंत्रावर यायचंय. त्याला कार्लाच्या कंप्युटरमधून तार जोडा आणि मला सगळे हक्क असलेला पासवर्ड द्या. इथून उंटावरून शेळ्या हाकतो.

हेक्टर


ऑटर कोव्ह
१७ ऑक्टोबर २०२४

हेक्टर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अठरा दिवस, न्याहारी ते जेवण, तेही कधी न पाहिलेल्या बाईसाठी! इथे मला म्हातारीचं खूळ म्हणणारे कमी नाहीत. तुम्ही त्या यंत्राचं बरोबर आहे असं लिहिलंत, ते वाचून मला फार बरं वाटलं.

कार्लाने तार जोडली आहे. पासवर्ड तिने फोनवर सांगितला असेलच. जपून काम करा.

लेम्पी


मार्गारी
२६ ऑक्टोबर २०२४

लेम्पीबाई,

तुमच्या धक्क्यावर गिट चालतंय! काल दुपारी बाराच्या सुमाराला त्याने पहिला शब्द काढला.

काम सुरू करण्याआधी तुमचं सगळं सामान मी माझ्याकडे जसंच्या तसं उतरवून ठेवलं, न जाणो काही बिघडलं तर. मग जुना इतिहास वाचत बसलो. एक हजार एकशे त्रेचाळीस नोंदी, नावं दोनच. लेम्पी आणि रेइनो. मी मत्स्यखात्यात एकतीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले, पण असं काम पाहिलं नाही. तुम्ही लिहिलेला भाग कसा खणखणीत, एक शब्द जास्त नाही. तुमचा भाऊ मात्र वेगळाच. लांबून वळसा घेतल्यासारखा वाटतो आणि शेवटी कळतं की हाच जवळचा रस्ता होता. प्रतिध्वनी मोजायची त्याची रीत मी कागदावर उतरवून भिंतीला लावली आहे.

थोडी झाडलोटही केली. एका फाइलीवर १९९८ सालचं कुलूप तसंच होतं, ते काढून टाकलं. सामान हलवण्याआधी सगळी कुलपं काढायची, ही आमच्या खात्याची जुनी शिस्त. आता फक्त इतिहास गिटमध्ये उतरवायचा बाकी. आठ दिवसांत होईल.

मुरांबा कधी निघतोय?

हेक्टर


ऑटर कोव्ह
२६ ऑक्टोबर २०२४

मॅकआयझॅक साहेब,

तुमच्या पत्राआधी मला दुसरं पत्र मिळालं. दुसऱ्याचं कुलूप तोडलं की ती जुनी पद्धत ज्याचं कुलूप त्याला आपोआप पत्र धाडते, आणि तोडणाऱ्याने दिलेलं कारण त्यात लिहिते, हे तुम्हाला ठाऊक असणारच. रेइनोचं टपाल सव्वीस वर्षं माझ्याकडे वळवलेलं आहे. आज सकाळी खोपटात गेले तर त्याच्या नावाने पत्र. “तुमचं कुलूप हेक्टरने तोडलं. कारण: जुनाट कुलूप, मालकाचा पत्ता नाही, साफसफाई.”

पत्ता आहे त्याला. लेकसाइड दफनभूमी, तिसरी रांग.

मी लिहिलं होतं, जुन्या फाइली तशाच राहू द्या. तार काढली आहे. आता काही करू नका.

लेम्पी सारेला


मार्गारी
९ नोव्हेंबर २०२४

लेम्पीबाई,

दोन आठवडे लिहायचं धाडस झालं नाही. फ्लोरा म्हणाली, “मेलेल्या माणसाच्या दाराचं कुलूप तोडून वर मुरांबा मागितलास? शाबास.” पत्र जातं हे मला ठाऊक होतं. ते कोणी वाचेल, हे डोक्यात आलं नाही. कारण विचारलं, मी बोटाला येईल ते ठोकलं. माफ करा.

पण एक गोष्ट लपवली तर दुसरा गुन्हा होईल. कुलूप गेलं, तरी रेइनोंची फाइल सुखरूप आहे. कुलूप लावून त्यांनी ती स्वतःच्या जागेत उघडली होती आणि बदलली होती. तो बदल कधीच नोंदला गेला नाही. माझ्याकडे उतरवलेल्या सामानात ती फाइल आहे, तारीख ११ फेब्रुवारी १९९८. नोंदलेल्या फाइलीशी ताडून पाहिली. नऊ ओळी जास्त आहेत.

मी त्या नऊ ओळींपुढे तीन दिवस बसलो. बर्फाच्या खालच्या पृष्ठभागावरून मोठा प्रतिध्वनी येतो. त्यानंतर एक फिका प्रतिध्वनी येतो, तो तुमचा प्रोग्रॅम कचरा म्हणून टाकून देतो. रेइनोंनी तो टाकला नाही. काळं, निर्मळ बर्फ संपून पांढरं, ओल्या हिमाचं बर्फ जिथे सुरू होतं तिथून तो येतो, हे त्यांनी ओळखलं. पांढऱ्या बर्फात निम्मीच ताकद असते, म्हणून त्याची जाडी निम्मी धरून आकडा कमी केला. सव्वीस वर्षांनंतरही हे कोणाला सुचलेलं मी ऐकलं नाही. टोपी काढतो.

आणि म्हणूनच भीत भीत विचारतो. ह्या ओळी कधी चालल्याच नाहीत, तर सव्वीस वर्षं रेडिओवर जाणारा आकडा जास्तच जात होता का?

नऊ ओळींच्या वर एक शेरा आहे. तुमच्या नावांवरून फिनिश भाषेतला असावा. अक्षरं जशी आहेत तशी लिहितो: “सिस्को ओली ओइकेआस्सा. एई केर्रोता एन्नेन कुइन ओन कोकेइल्तू.” सिस्को म्हणजे तुमच्या सरोवरातला मासाच ना? माशांमुळे प्रतिध्वनी बिघडतो, असं काही असेल.

हेक्टर


ऑटर कोव्ह
१९ नोव्हेंबर २०२४

हेक्टर,

आता तुला अरे-तुरे करते. वयाने मोठी आहे आणि तुझं पत्र वाचून रडून झालंय, तेव्हा राग मानू नकोस.

आधी तुझा प्रश्न. आकडा चुकीचा कधीच गेला नाही. सव्वीस हिवाळे मी रोज पहाटे गिरमिट घेऊन बर्फावर जाते, भोक पाडते, पांढरं किती आणि काळं किती ते पट्टीने मोजते, वहीत लिहिते. मग यंत्राच्या आकड्यातून पांढऱ्याची निम्मी जाडी वजा करून रेडिओला सांगते. हे गावात कोणालाही माहीत नाही. समितीला वाटतं यंत्र सांगतं. म्हणून मी मेले असते तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी बुडालं असतं. आणि खुब्याचं हाड गेलंय माझं, जानेवारीत ऑपरेशन आहे. यंदा मी बर्फावर जाऊच शकत नाही. तुला लिहिण्याची खरी घाई ही होती.

प्रोग्रॅम का नाही बदलला, असं विचारशील. कारण ती फाइल रेइनोच्या कुलपात होती.

आठ फेब्रुवारीला आमचं भांडण झालं. मी म्हणत होते, पांढरं बर्फ निम्मं धरायला हवं. तो म्हणाला, “यंत्राला पांढरं-काळं दिसत नाही, लेम्पी, तुला भास होतात.” मी म्हणाले, “तुला माझंच सोडून सगळ्यांचं बरोबर वाटतं.” खोपटात तीन दिवस दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलो. अकरा तारखेला सकाळी मी फाइल उघडायला गेले, तर तिच्यावर त्याचं कुलूप. मला वाटलं, मी बदलू नये म्हणून मुद्दाम लावलंय. त्याचं तोंडही न बघता घरी आले. चौदा तारखेला तो छतावरचं बर्फ खाली ढकलत होता. आमच्याकडे बरीच माणसं तशीच जातात, फावडं हातात असताना. छातीत कळ आली आणि गेला.

मग मी ठरवलं. तुझं कुलूप ना, राहू दे. मी हाताने करीन, पण तुझ्या कुलपाला हात लावणार नाही. हे प्रेम होतं की सूड, ते मला अजून कळलेलं नाही. फाइलींची यादी काढली की त्या एका ओळीत दिसायचं: कुलूप, रेइनो. वाटायचं, अजून रागावून बसलाय.

आता तुझा मासा. सिस्को म्हणजे बहीण, येड्या.

“बहिणीचं बरोबर होतं. तपासून झाल्याशिवाय सांगायचं नाही.”

मी हे खोपटात उभ्याने वाचलं. मग फळीवरच्या वह्या खाली काढल्या.

वह्या पार्सलने पाठवते आहे, सगळ्या सव्वीस. काय करायचं ते तुला कळेल.

लेम्पी


मार्गारी
४ डिसेंबर २०२४

लेम्पीताई,

कळलं.

वह्या आल्या. पाण्याचे डाग, पेन्सिलचं अक्षर, उणे तीस अंशांतसुद्धा पाव इंचापर्यंत मोजलेलं. मी आणि फ्लोरा जेवणाच्या टेबलावर बसलो. ती आकडे वाचायची, मी भरायचो. मध्येच ती म्हणाली, “ही बाई एकही दिवस चुकलेली नाही रे.”

गेल्या अकरा हिवाळ्यांचे कच्चे प्रतिध्वनी तुमच्या डिस्कवरून उतरवलेल्या सामानात आहेत. ते एकेक दिवस रेइनोंच्या नऊ ओळींतून काढले आणि तुमच्या वहीशेजारी ठेवले. बाराशे अठ्ठ्याण्णव सकाळी. फरक कुठेच पाव इंचाच्या वर गेला नाही. त्यांनी सांगून ठेवलं होतं तपासा, आणि ते तपासण्याचं काम तुम्ही नकळत सव्वीस वर्षं करत होता. यापेक्षा कसून तपासलेल्या नऊ ओळी जगात कुठे असतील असं मला वाटत नाही.

माझ्याकडच्या प्रतीतून जुना इतिहास गिटमध्ये उतरवून झालाय, तुमच्या दोघांच्या नावानिशी आणि तारखांनिशी. तो कार्लाकडे पाठवलाय, ती निळ्यावर चढवेल. फक्त ह्या नऊ ओळी मी नोंदलेल्या नाहीत. एकदा न विचारता हात लावला, ते पुरे झालं.

गिटची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात लिहिणाऱ्याचं नाव वेगळं असतं आणि नोंदणाऱ्याचं वेगळं. तारखाही दोन. काय टाइप करायचं ते खाली लिहिलंय. तार पुन्हा जोडायची गरज नाही, कार्ला शेजारी असली म्हणजे झालं.

हेक्टर


ऑटर कोव्ह
१६ डिसेंबर २०२४

हेक्टर,

खाडी बुधवारी गोठली. काल, मुदतीच्याच दिवशी, कार्ला मला गाडीतून धक्क्यावर घेऊन गेली. धक्क्यावरच्या निसरड्या बर्फावरून खोपटापर्यंत तिने माझा दंड धरला होता आणि मी एकदाही तिला हिसडा दिला नाही, हे तुझ्या बायकोला सांग.

तू लिहून दिलंस तसं एकेक अक्षर टाइप केलं. लिहिणारा: रेइनो सारेला, ११ फेब्रुवारी १९९८. नोंदणारी: लेम्पी सारेला, १५ डिसेंबर २०२४. शेवटी गिटने विचारलं, काय बदललंत ते एका ओळीत लिहा. तिथे मी बराच वेळ अडले. कार्ला चांगली पोर, खिडकीबाहेर बघत राहिली. मी लिहिलं, “तपासून झालं, सांगायला हरकत नाही.”

निळ्याने ठसा काढायला साडेचार मिनिटं घेतली. कार्लाने तो बदल कॉलेजात पाठवला, तिथल्या तिच्या मैत्रिणीने तिकडचा ठसा फोनवर वाचला, मी इकडचा वाचला. चाळीस अक्षरं, एकही वेगळं नाही. समितीचा अध्यक्ष डोक्यावरची टोपी काढून उभा होता. म्हणाला, “लेम्पी, म्हणजे हे चालू राहणार तर?” मी म्हटलं, “माझ्याशिवायही चालेल, हेच तर तुम्हाला हवं होतं.” त्याने मान डोलावली आणि टाळ्याची किल्ली खिशात घातली.

आज सकाळी आकडा आला तीन इंच. यंत्राचाच, जसाच्या तसा. मी रेडिओला सांगितलं, आज कोणी जाऊ नका. गिरमिट भिंतीला टेकलेलं होतं आणि मी खुर्चीतून उठले नाही. हे सगळं तुझ्यामुळे झालं, हेक्टर. तू कुलूप तोडलंस म्हणून झालं, हे कबूल करायला मला सात आठवडे लागले. कुटुंबाचा गुण.

मुरांब्याच्या सहा बाटल्या टपालात टाकल्यात. एक बाटली फ्लोराची, तिला विचारल्याशिवाय उघडू नकोस.

आता प्रोग्रॅममधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की कोणी लिहिली ते दिसतं. मी काल त्या नऊ ओळींवर बोट ठेवून बघितलं. रेइनो, रेइनो, रेइनो, नऊ वेळा. सव्वीस वर्षं मी त्याच्याशी भांडत होते आणि हा माणूस तिसऱ्याच दिवशी हरून बसला होता. त्यानंतर अजून तीन दिवस होते त्याच्याकडे. गाढवाने नुसतं वळून सांगितलं असतं, तर मी त्याला कॉफी करून दिली असती.

लेम्पी